लाटणी, बांगड्या आणि एक मूठ

मित्रांनो, मी एक जुनी असेंब्ली आहे. जुनी म्हणजे दोनच वर्षांची, पण कॉम्प्युटरच्या जगात एवढं वय पुष्कळ झालं. जालन्याच्या एमआयडीसीत एक पत्र्याची शेड आहे. तिथं यंत्रांची चित्रं काढतात आणि मागच्या बाजूला ती यंत्रं बनवतात. तिथल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहते.

असेंब्ली म्हणजे काय, ते आधी सांगते. यंत्राचा एकेक भाग वेगळा काढतात आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. ते सगळे भाग जिथं एकत्र येतात, ती मी. हा बोल्ट या भोकात, ही पट्टी त्या पट्टीला टेकलेली, हा दांडा फिरेल पण सरकणार नाही, अशी नाती मी सांभाळते. मात्र भाग माझ्या पोटात नसतात. माझ्याजवळ त्यांचे फक्त पत्ते असतात. मला उघडलं की मी त्या पत्त्यांवर जाऊन हाक मारते आणि सगळे येऊन आपापल्या जागी बसतात.

मला तिथंच चित्रं काढणाऱ्या आकांक्षानं घडवलं. तिची आई, उषाबाई, आष्टीला तातेरावांच्या मोसंबीच्या वखारीत निवडीचं काम करायची. ढिगापुढं पोत्यावर बसायचं आणि लहान, मध्यम, मोठी अशी फळं वेगळी करायची. वीस वर्षं केलं. मग गुडघे वाकेनात. तातेराव वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, "उषाबाई, तुम्हा एकटीला खुर्ची दिली तर बाकीच्या बाया मला जगू देतील का?"

आकांक्षानं विचारलं, "अन् खुर्चीवर बसूनच चालवायचं मशीन आणलं तर?"

"मंग बसू दे की खुशाल. पण मृगाच्या बहाराआधी आण. त्याच्यापुढं मी थांबणार न्हाई."

म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, कारण मृगात धरलेल्या बहाराची फळं तेव्हा उतरतात. उषाबाईंना ते काम हवंच होतं. घरी बसलेली बाई लवकर म्हातारी होते, असं त्या म्हणायच्या.

शेडचे मालक शरदचंद्र सर यांनी जेवणाच्या सुट्टीत काम करायची परवानगी दिली. आकांक्षा डबा खाता खाता माझ्यावर काम करायची. माझ्या की-बोर्डवर तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीचा वास असायचा. दोन लांब रूळ, सुरुवातीला जवळ आणि पुढं जरा जरा लांब होत गेलेले. त्यांच्यावरून मोसंबी गडगडत जाणार, लहान आधी खाली पडणार, मोठी शेवटी. बाजूला फिरवायची मूठ. एकशे त्रेचाळीस भाग होते माझे, आणि त्यांना तिनं आपल्या सोयीनं घरातली नावं दिली होती. रूळ म्हणजे लाटणं. कड्या म्हणजे बांगड्या. फळं झेलणारी झोळी म्हणजे पाळणा. मला मात्र ऑफिसच्या नियमाचं नाव दिलं, एम-झिरो-वन.

मुठीसाठी तिनं आईच्या हातात कणकेचा गोळा दिला होता आणि घट्ट दाबायला लावला होता. बोटांचे ठसे उमटले, ते मोजून घेतले. त्याच कणकेच्या मग पोळ्या झाल्या. मूठ तिनं वेगळ्या फाइलमध्ये काढली नाही. आजूबाजूचे भाग बघत माझ्यातच बसून काढली. आईची बोटं पट्टीला घासतात, हे दिसल्यावर तिनं पट्टी चार सेंटिमीटर मागं घेतली. त्या दिवशी मी पुरी झाले.

ऑगस्टमध्ये उषाबाई लेकीला बाळंतपणाला न्यायला आल्या. प्रत्यक्ष यंत्र परत आल्यावर बनवायचं, असं आकांक्षानं ठरवलं होतं. तिनं त्यांना शेडमध्ये आणलं आणि मला उघडून दाखवलं. एक बटण दाबलं, आणि माझे सगळे भाग एकमेकांपासून लांब लांब जाऊन हवेत उभे राहिले.

"अगं बाई, हे तर फुटलं की," उषाबाई म्हणाल्या.

"फुटलं न्हाई, आई. आत काय काय आहे ते दिसावं म्हणून असं करतात."

तिनं परत बटण दाबलं. सगळे आपापल्या जागी आले. उषाबाईंनी पडद्यावरच्या मुठीवर हात ठेवून पाहिला. म्हणाल्या, "चल जल्दी, गाडी जाईल."

मित्रांनो, तेवढं माझं कौतुक.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये सगळ्या यंत्रांना धुऊन-पुसून झेंडूची फुलं वाहतात. पूजेआधी कचरा राहू द्यायचा नाही, असा सरांचा दंडक. तेव्हा कॉम्प्युटरही आवरायचा, असं केदारनं ठरवलं. केदार हा शेजारच्या टेबलावरचा इंजिनियर, नवीनच लागलेला, कामसू मुलगा. त्यानं सगळ्या असेंब्ली एका पेनड्राइव्हवर घेतल्या. असेंब्ली आली म्हणजे यंत्र आलं, असं त्याला वाटलं. मग त्याला ती घरगुती नावं दिसली. त्यानं उघडूनही पाहिलं नाही. एकशे बेचाळीस भाग पुसले, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि माझ्या कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं. माझं नाव ऑफिसचं होतं, म्हणून मी राहिले.

डिसेंबरात आकांक्षा परत आली. बाळ दोन तास शेजारणीकडे ठेवलेलं होतं. तिनं मला उघडलं. मी पहिल्या पत्त्यावर गेले. कुणी नाही. दुसऱ्या पत्त्यावर गेले. पडद्यावर एकच सूचना एकशे बेचाळीस वेळा आली, भाग सापडत नाही.

"केदार, माझी लाटणी कुठं आहेत?"

तो हसला. "लाटणी? मॅडम, हे वर्कशॉप आहे की पोळीभाजी केंद्र?" मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "मला वाटलं घरातल्या वस्तूंचे फोटो आहेत. बॅकअप आहे ना. असेंब्ली घेतलीय मी."

पेनड्राइव्हवर मीच होते. तिथूनही मी हाका मारल्या. केदारनं पुसलेलं परत आणायची सगळी साधनं चालवून पाहिली, दोन दिवस जेवला नाही. पण त्या जागांवर तोवर नवी कामं बसली होती. कागदावर काही छापलेलं नव्हतं.

आकांक्षानं पुन्हा सुरुवात केली. आता तिची जेवणाची सुट्टी बाळाला पाजायला घरी पळण्यात जायची. चौदा भाग झाले. तेवढ्यात फेब्रुवारी आला आणि आष्टीहून आईचा फोन आला. तातेरावांनी उषाबाईंच्या जागी दुसरी बाई घेतली होती.

"जाऊ दे बाई," फोनवरचा आवाज मला ऐकू येत होता. "तू आधी पोरीकडं बघ."

"आई, तू दिवसभर करतेस काय?"

"काय करणार? बसून राह्यले." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी फुटल्यासारखं दिसलं होतं ना, तसं खरंच फुटलं असतं तर बरं होतं गं. गोळा तरी केलं असतं."

आकांक्षानं फोन ठेवला आणि मला बंद केलं. पंधरावा भाग तिनं काढला नाही. त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी दुसऱ्याचं टेबल, कपाट, कॉम्प्युटर आवरायला घ्याल. चांगल्या मनानंच घ्याल, केदारनंही तसंच घेतलं होतं. पण एखाद्या गोष्टीचं नाव तुम्हाला कळलं नाही, तर ती टाकण्याआधी मालकाला विचारा. मालकीण बाळंतपणाला गेली असेल, तर थांबा.

माझ्यासाठी आता थांबायचं काही उरलं नाही. उद्या कुणी मला उघडलंच, तर चौदा भाग येतील, आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, कशालाच न जोडलेली एक मूठ दिसेल. चार बोटांच्या खाचा असलेली. ती तेवढी माझ्यातच काढलेली होती, म्हणून राहिली. कुणाच्या हाताच्या मापाची आहे, हे मात्र तिथं कुठं लिहिलेलं नाही.