घरात कुणी नाही

वसुलीवाल्याचा फोन आधी फक्त तिच्या नवऱ्याला यायचा, मग तिलाही येऊ लागला. बोलणारा माणूस कधी आरडाओरडा करत नसे. अगदी अदबीनं ‘मॅडम’ म्हणायचा, आणि त्याच अदबीनं त्यानं एक दिवस सांगून टाकलं, “पैसे देत नसाल तर आमचा माणूस घरी येऊन बसेल. शेजारपाजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

‘येऊन बसेल’ हे शब्द तिच्या डोक्यात घर करून राहिले.

ती पडदे शिवायच्या दुकानात कामाला होती. इमारतीत सगळे तिला पडदेवाली म्हणूनच ओळखायचे. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याची कंपनी बंद पडली आणि नवी नोकरी मिळेपर्यंत अर्धं वर्ष तो घरी होता. त्या काळात किराणा क्रेडिट कार्डावर आला, विजेचं बिल कार्डावर गेलं, मुलीच्या नर्सिंगच्या कॉलेजची फी आणि होस्टेलचं भाडंही कार्डावरच गेलं. उधळपट्टी कुणी केली नव्हती. एक नवा सोफासुद्धा आला नव्हता घरात. पहिल्या कार्डाची मर्यादा संपली तेव्हा दुसऱ्या बँकेचं घेतलं आणि त्याचं बिल भागवायला तिसरीचं. नोकरी लागल्यावर दोघंही दर महिन्याला किमान रक्कम भरायची आणि पुढच्या महिन्यात बघावं तर आकडा होता तिथंच, उलट थोडा वर सरकलेला. गळक्या बादलीत पाणी ओतत बसल्यासारखं झालं होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे तिचे सासरे. अण्णा. जन्मभर त्यांनी घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचले होते. बोलणं मोजकं, साखरेचा आजार, पण पाय अजून ठणठणीत. दुपारी खाली न्हाव्याच्या दुकानात जाऊन फुकटचा पेपर वाचायचा, हा त्यांचा नेम. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. आयुष्यात ज्यानं कुणाचे चार आणे बुडवले नाहीत त्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

त्या फोननंतर नवऱ्यानं खुर्चीवर चढून दाराच्या बेलची तार काढली. अण्णांना सांगितलं, बेल बिघडली आहे. तिनं दाराच्या भोकावर आतून कागद चिकटवला, म्हणजे आत कुणी हललं तर बाहेरून सावली दिसायला नको. मग अण्णांना बजावणं सुरू झालं. दार वाजलं तर उघडू नका. फोन उचलू नका. जिन्यात आम्हाला हाका मारू नका, लोकांना उगाच त्रास होतो.

अण्णा एकदा म्हणाले, “दार वाजवणाऱ्याला उभं ठेवू नये गं. फार वाईट वाटतं त्याला.”

“हल्ली चोऱ्या वाढल्यात, अण्णा,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळी नवरा-बायको स्वयंपाकघराचं दार लोटून कुजबुजत हिशेब करायचे. मुलीला घरी येण्याचे पैसे पाठवायचे नाहीत, भाजी आठवड्यातून एकदाच, औषधं सोडून सगळ्याला कात्री. आणि दर वेळी शेवटी दोघांपैकी कुणीतरी तेच म्हणायचं, की आणखी किती दिवस हे असं ओढायचं, आता नाही झेपत. अण्णा पलीकडच्या खोलीत असायचे. त्यांचं जेवण अलीकडे कमी झालं होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हातारपणी भूक मंदावते म्हणून तिनं ते सोडून दिलं.

मग तो दिवस उजाडला. दुपारी दुकानातला फोन वाजला आणि मालकानं घेतला. थोडा वेळ ऐकून घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुमचाच आहे. कुठल्या तरी बँकेतून.” तिनं फोन घेतला तेव्हा पलीकडून तोच अदबशीर आवाज आला. आमचा माणूस तुमच्या भागात निघालाय, मॅडम, आज गाठ पडेलच.  मालकानं गल्ल्याचा खण लोटून बंद केला. नेहमी तो अर्धा उघडाच असायचा.  डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली ती जवळजवळ पळतच घरी आली. जिन्यात कुणी नव्हतं. आत शिरून तिनं दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली. अण्णांच्या खोलीचं दार बंद होतं. झोपले असतील, झोपू देत. ती पाणी प्यायली. 

आणि दार वाजलं.

तीन टकटक, सावकाश. मग थोडी उसंत. मग पुन्हा तीन.

ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली. हात तोंडावर दाबून धरला. बाहेरच्या खोलीतला पंखा चालू राहिला होता आणि त्याचा आवाज एकाएकी केवढा तरी मोठा वाटू लागला. उठून बंद करावा तर पावलं वाजतील. ती मनातल्या मनात म्हणत राहिली, घरात कुणी नाही, घरात कुणी नाही. जणू तसं म्हटल्यानं ते खरंच होणार होतं.

दार वाजतच राहिलं. हाक नाही, शब्द नाही, नुसती टकटक. निदान ओरडला असता, शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. मग काहीतरी दाराला घासत खाली सरकल्यासारखा आवाज आला आणि त्यानंतरची टकटक खालून आली, उंबऱ्याच्या जवळून.  बसला! म्हणाले होते तसा येऊन बसला. आता नवरा येईल तेव्हा हा दारात असेल, शेजारीण वर येईल तेव्हा हा दारात असेल. ती गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिली.

टकटक हळू होत गेली. एकदा नुसतं नख ओढल्यासारखं झालं. मग काहीच नाही.

तिनं बऱ्याच वेळानं मान वर केली. गेला. कंटाळून गेला. इतकं हलकं वाटलं तिला की डोळ्यांतून पाणी आलं. अण्णा जागे होऊन नेमकं आता दार उघडायला जातील, या धास्तीनं ती चवड्यांवर चालत त्यांच्या खोलीशी गेली. त्यांना खुणेनं सांगावं, गप्प बसा म्हणून. तिनं दार लोटलं.

पलंग रिकामा होता. चादर नीट ओढलेली. पलंगाखालच्या चपला नव्हत्या.

 दोन्ही कड्या कशा काढल्या ते तिला नंतर कधी आठवलं नाही. दार उघडलं तसे अण्णा आत कलंडले. ते दाराला टेकून बसले होते. चेहरा घामानं निथळत होता, ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजव्या हाताची मूठ अजून वळलेली.

तिनं इतके दिवस जिन्यात आवाज होऊ दिला नव्हता. आता ती अशी किंचाळली की सगळी इमारत धावली. खालची शेजारीण साखरेचा डबाच घेऊन वर आली आणि तिनं पाण्यात कालवून चमचाभर अण्णांच्या तोंडात सोडलं. दोघींनी रिक्षा थांबवून त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. साखर अगदीच उतरली होती. सुई लावली, थोड्या वेळानं अण्णांनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. गोळी घेतात आणि जेवत नाहीत, असं किती दिवस चाललंय? घरात बघायला कुणी नाही का?

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, कार्ड की रोख?  पर्समध्ये त्या महिन्याच्या किमान रकमेचे पैसे वेगळे बांधून ठेवलेले होते. तिनं ते सोडले आणि भरले.

मग ती अण्णांच्या पलंगाशी जाऊन बसली. 

“आत पंखा चालू होता,” अण्णा म्हणाले. आवाज खोल गेला होता. “इतकी वर्षं दारं वाजवली मी. आत माणूस असून उघडत नसलं की मला कळतं.”

“अण्णा, मला वाटलं...”

“मी समजलो की तुमचं ठरलं.”

“काय ठरलं?”

“मला बाहेर काढायचं.” ते तिच्याकडे बघत नव्हते. “तुमचं बोलणं ऐकू येतं मला. आणखी किती दिवस ओढायचं म्हणता. झेपत नाही म्हणता. बेल काढली, हाका मारू नका म्हणालात. मी आपलं जेवण कमी केलं. तेवढाच भार हलका, म्हटलं.”

तिला रडूही येईना. या माणसाच्या मनात महिनोन्महिने भीती होती आणि ती भीती तिची होती, तिच्या घराची. ती वसुलीवाल्याला घाबरून आत दडत होती आणि हा तिला घाबरून ताटातले घास मोजत होता. तिनं त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्यांचा हात असा कधी धरला नव्हता, दोघंही अवघडली, पण तिनं सोडला नाही. आणि मग तिनं सगळं सांगितलं. तिन्ही कार्डं, फी, फोन, तो अदबशीर माणूस, आजची दुपार. आपण आत बसून होतो, टकटक थांबल्यावर आपल्याला बरं वाटलं, हेसुद्धा.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे मी नाही?”

“तुम्ही नाही हो अण्णा. कार्डं.”

त्यांनी डोळे मिटले. हनुवटी हलत होती. हसतायत की काय, असं तिला वाटलं, आणि नीट पाहिलं तर ते रडत होते.

नवरा कामावरून थेट दवाखान्यात आला. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून तिनं सांगितलं तेव्हा तो मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला. बापाच्या खोलीत जायला त्याला बराच वेळ लागला. आत काय बोलणं झालं ते तिनं विचारलं नाही.

वसुलीवाल्यांचा माणूस त्या दिवशी काही भेटला नाही; तो आला दोन दिवसांनी, भर संध्याकाळी. दार तिनंच उघडलं. फोनवरच्या माणसासारखा तो अदबशीर नव्हता. जाडजूड, दमलेला माणूस होता आणि जिन्यात उभा राहून मुद्दाम मोठ्यानं बोलत होता. किती थकलंय, किती महिने थकलंय, सगळं वरपासून खालपर्यंत ऐकू गेलं. ज्या गोष्टीच्या धास्तीनं तिनं दिवस काढले होते ती घडली, आणि ती तिथंच उभी राहून म्हणाली की आम्ही सोमवारी बँकेच्या शाखेत जाऊन हप्ते बांधून घेणार आहोत. दार लावल्यावर मात्र ती भिंतीला धरून खाली बसली. दुसऱ्या दिवशी खालची शेजारीण आली. आता ही काय बोलणार म्हणून तिनं मन घट्ट केलं. शेजारणीनं इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “ते हप्ते बांधून देतात म्हणे, खरं का? आमचंही एक कार्ड आहे.”

सोमवारी तिघंही बँकेत गेली. अण्णा हट्टानं आले. समोरची बाई सर्दीनं बेजार झालेली, नाक पुसत आकडे टाकत होती. कार्ड कायमचं बंद करायचं, राहिलेल्या रकमेचे ठरलेले हप्ते, दंडातला काही भाग माफ. सगळा नाही. दुसऱ्या बँकेनं असंच केलं, तिसरीनं साफ नकार दिला, ते आहे तसं भरत राहायचं. घरी येऊन हिशेब मांडला तर महिन्याच्या शेवटी मेळ बसेना. तेव्हा अण्णा म्हणाले, माझी खोली भाड्यानं द्या.

ती नको म्हणाली, जवळजवळ ओरडूनच म्हणाली. पुन्हा त्यांच्या मनात तेच आलं असेल, या भीतीनं. अण्णांनी तिला बोलू दिलं आणि मग शांतपणे सांगितलं, “या वेळी मी स्वतः म्हणतोय. फरक आहे त्यात.” पुढच्या महिन्यात त्या खोलीत शाळेत शिकवणारी एक बाई राहायला आली आणि अण्णांची खाट बाहेरच्या खोलीत आली. पहिले काही दिवस त्यांना झोप लागत नसे. नंतर ते इतके घोरू लागले की त्या बाईंनी हसत हसत तक्रार केली.

तीन वर्षं गेली फिटायला. मधे नवऱ्याची मोटारसायकल विकली गेली. एकदा दोघांचं असं कडाक्याचं भांडण झालं की आठवडाभर अबोला होता. मुलगी कमवायला लागली आणि शेवटचे हप्ते तिनं न विचारता भरले. भीती मात्र एकदम गेली नाही. अनोळखी नंबर दिसला की अजूनही ती आधी दाराकडे बघायची.

सगळं फिटल्यानंतर महिन्याभरात असाच एक फोन आला. ती दुकानात होती. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तुमचा व्यवहार फार उत्तम आहे, मॅडम, तुमच्यासाठी खास नवीन कार्ड आहे, मर्यादा पहिल्यापेक्षा मोठी, घरपोच आणून देऊ.   तिनं, नको, असं सांगितलं. मुलगी पुढं बोलतच होती. तिनं पुन्हा सांगितलं, नको, आणि फोन ठेवला.

मालकानं विचारलं, कोण होतं? कुणी नाही, ती म्हणाली. मांडीवर अर्धा शिवलेला पडदा होता. तिनं दोरा उजेडाकडे धरला. सुईत ओवायला तिला बराच वेळ लागला.