फियाटचं अॅव्हरेज

संगमेशला कशातच चैन पडेना. एकदा टाकी भरली की आठवडा काढणारी त्याची फियाट हल्ली तीन-चार दिवसांतच पंपाकडं तोंड करत होती. सकाळी उठला की तो आधी गाडीखाली वाकायचा, फरशीवर बोट फिरवून वास घ्यायचा. गळतीचा थेंब नाही. उद्यमनगरातल्या आकाराम मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलला, प्लग बदलले, ब्रेक चिकटतात का तेही बघितलं.

"मला तर काय बी गावंना, मालक," त्यानं हात झटकले.

मग संगमेशनं पंप बदलला. टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. दुकानात गिऱ्हाइकापुढं कापडाचं ठाण उलगडतानाही डोक्यात गाडीच घुमायची.

"जेवताना तरी गाडी सोडा की," बायको, शांभवी, वैतागली.

गाडी रोज त्याचे वडील बसाप्पा न्यायचे, गडमुडशिंगीच्या मळ्यात जायला. त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला होता. त्यांच्या हातावर शंका घ्यायचं संगमेशच्या मनातही आलं नव्हतं.

एका दुपारी काही कामानं तोच स्कूटरवरून मळ्याकडं निघाला. उचगावच्या पुढं इंजिनाचा आक्रोश कानावर आला. रानातली माणसंही मान वळवून बघत होती. पुढं त्याचीच फियाट! दुसऱ्या गिअरमध्ये नुसती बोंबलत चाललेली, आणि आत बसाप्पा निवांत. संगमेशनं हॉर्न दिला. परत दिला. मागून उसाचा ट्रक आला, त्यानं तर हॉर्नवरचा हातच काढला नाही. फियाट रस्त्याच्या मधून तसूभर हलेना. शेवटी ट्रक साइडपट्टीवर उतरला आणि धुरळा उडवत फियाटला चाटून पुढं गेला. संगमेश मळ्यापर्यंत हॉर्न देत फियाटच्या मागं राहिला.

मळ्यात पोचताच तो धावत गाडीपाशी गेला.

"आप्पा, गिअर का बदलला न्हाईसा?"

"आं? जेवून आलास व्हय?"

संगमेश जागच्या जागी थांबला. मग जवळ जाऊन त्यानं तेच ओरडून विचारलं. बसाप्पा त्याच्या ओठांकडं बघत राहिले आणि त्यांनी मान खाली घातली.

"इंजान ऐकू येत न्हाय रं. गिअर कवा टाकायचा, त्ये जलमभर कानानंच ठरीवलं. आता चुकतंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

"आत्ता त्या ट्रकनं चिरडलं असतं की तुमाला!"

बसाप्पांनी दचकून रस्त्याकडं बघितलं. "कंचा ट्रक?"

संगमेशनं किल्लीसाठी हात पुढं केला. बसाप्पांनी किल्ली मुठीत बराच वेळ फिरवली आणि मग त्याच्या तळव्यावर ठेवली.

डॉक्टरनं कानाला मशीन दिलं. त्या मशीननं घरातलं बोलणं कळायला लागलं, पण रस्त्यावर सगळा गोंगाट एक व्हायचा. दुकान उघडायच्या आधी संगमेशच त्यांना मळ्यात सोडू लागला. पहिले काही दिवस बसाप्पा खिडकीबाहेर तोंड करून गप्प बसायचे. गाडी चालवणाऱ्या संगमेशला ते गप्प बसणं सोसायचं नाही.

मग एकदा चढाला लागल्यावर ते खेकसले, "खाली टाक गिअर! गाडी थरथराय लागलीया. बुडाला कळतंय मला!"

संगमेशनं गुमान गिअर टाकला.