माती पाहायला पाहुणे

हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी जे सांगितलं ते थोडं चुकलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

विद्यापीठाचा उपक्रम तसा साधा होता. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या वावरातली माती शाळेत आणायची, तपासायची, आणि तपासताना मनात जो प्रश्न उठेल त्याच्या मागे लागायचं. ज्याचं काम विद्यापीठातल्या मॅडमना पटेल त्याला जानेवारीत आठवडाभराच्या शिबिराला न्यायचं. तिथल्याच वसतिगृहात राहणं, तिथल्याच प्रयोगशाळेत काम. हेडसरांनी हे सगळं एका दमात उरकलं. म्हणाले, विद्यापीठाचे लोक आपली माती पाहायला येणार आहेत. ज्याची माती चांगली, त्याचा नंबर.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा ओळींच्या मागे माझ्या लेकीला, निशूला, खांद्यावर थोपटत उभी होते. शनिवारी सासूबाई कापूस वेचणीला जातात, म्हणून निशू माझ्यासोबत शाळेत येते. तिला नुकते दोन दात आले होते आणि त्या दातांनी ती माझी ओढणी चावत होती, त्यामुळे सरांचं वाक्य मी अर्धंच ऐकलं. पूर्ण ऐकलं असतं तर तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं.

पुढच्या शनिवारी हर्षल आला. धाड गावचा मुलगा, विद्यापीठात एमएस्सी करतो. पहाटेच्या एसटीनं जानेफळपर्यंत आणि तिथून जीपनं आमच्या गावात, मांडीवर काचेच्या बाटल्यांचं खोकं सांभाळत. मुलांनी पिशव्या काढल्या. त्यानं एकेकाची माती बाटलीत घातली, त्यावर औषधाचं पाणी ओतलं आणि समजावून सांगितलं की पाणी जितकं गडद होईल तितका मातीत कस जास्त. थोड्या वेळानं खिडकीत ओळीनं चहाच्या रंगाच्या बाटल्या उभ्या राहिल्या. काजलची बाटली तर काळ्या चहासारखी.

हर्षल हरखून गेला. म्हणाला, "ताई, अशी जमीन मी जिल्ह्यात पाहिली नाही." आणि तिथूनच त्यानं फोन करून विद्यापीठात कळवूनही टाकलं.

मला मात्र काजलचं वावर माहीत होतं. टेकडीच्या उतारावरचं बरड. नांगराचा फाळ गोट्यांवर वाजतो तो रस्त्यावर ऐकू येतो. मी तिच्याकडे पाहिलं. ती बाटलीकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. नववीत शिकते, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारते, आणि शिबिराचं नाव निघाल्यापासून तिनं दुसरं काही बोलणंच सोडलं होतं. तिथं सूक्ष्मदर्शक किती मोठा असतो, रात्री प्रयोगशाळा उघडी असते का, पोरींना एकटं जाऊ देतात का, हे ती मला डबा खातानाही विचारायची.

मी काही विचारणार तेवढ्यात निशूनं काम केलं. ती चटईवरून रांगत टेबलाखाली गेली होती. काजलची पिशवी तिथंच उघडी होती. निशूनं मूठ भरली आणि तोंडात घातली.

"मॅडम, थुकवा तिले!" काजल ओरडली. "वावरातली नाई ते. उकिरड्यातलं हाये!"

मी निशूच्या तोंडात बोट घातलं, पाणी पाजलं, पुसलं. ती खळखळून हसत होती, दोन्ही दात काळे. मग मागून कुलदीपचा बारीक आवाज आला, की आमची तुळशीच्या कुंडीतली आहे. समता म्हणाली, मामाच्या बागायतीतून आणली, मामाकडं विहीर आहे. एकानं नदीचा गाळ आणला होता. एकाच्या आईनं तर पिठाच्या चाळणीनं चाळून, खडे वेचून दिली होती, जशी पाहुण्यांसाठी तूरडाळ निवडतात तशी. एकेक जण सांगू लागला आणि हसू आवरेना. हसत नव्हते दोघंच. हर्षल, कारण त्याचा फोन होऊन गेला होता. आणि काजल, कारण तिला वाटत होतं की आपलं शिबिर आपल्याच तोंडानं गेलं.

मी सगळ्यांना खाली बसवलं आणि हेडसरांचं वाक्य दुरुस्त केलं. मातीचा नंबर नाही, प्रश्नाचा नंबर. आता खरी माती आणायची, जशी असेल तशी, आणि तिचा रंग नावासकट भिंतीवर लावायचा. हर्षलनं पुन्हा फोन लावला आणि मोकळेपणानं सांगितलं की चुकलं. पलीकडच्या रेणुका मॅडम, ज्या निवड करायला येणार होत्या, त्या म्हणे खूप वेळ हसल्या आणि त्यांनी येण्याचा दिवस पंधरवडाभर पुढे नेला.

सगळी पोरं निघाली. काजल दारातच उभी.

"बाबा नाई आनू देनार," ती म्हणाली.

संध्याकाळी निशूला कडेवर घेऊन मी तिच्या घरी गेले. कडूबा, तिचे वडील, ओट्यावर कडबा कापत होते. उंच, कमी बोलणारा माणूस. अन्नपूर्णाबाईंनी चहा ठेवला, निशूच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, की उकिरड्यातली माती त्यांनीच भरून दिली; गावात आधीच बरडवाले म्हणून हाक मारतात. सोसायटीत, पारावर, सगळीकडं. आता पोरीच्या हातानं ते शाळेच्या भिंतीवर लावायचं आणि वर विद्यापीठात पाठवायचं, हे काही त्यांना पटत नाही.

"पाहुने येनार म्हटल्यावर मानूस घर सारवतेच ना, मॅडम," ते म्हणाले. "मी काय वंगाळ केलं?"

वंगाळ काहीच केलं नव्हतं. काजल चुलीजवळ बसली होती, तिथूनच बोलली. आवाज न चढवता.

"सारवा ना, बाबा. पन उद्या मले पाहायले पाहुने आले, तं शेजारची गोरी पोरगी बसवान का पाटावर?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच. कडूबा हसले नाहीत. विळा खाली ठेवला आणि उठून गोठ्याकडे गेले. मी चहा संपवला आणि निघाले. वाटेत निशू खांद्यावरच झोपली.

सोमवारी शाळा भरताना फाटकात कडूबा उभे. डोक्यावर घमेलं. त्यात लालसर, भुरभुरीत माती, वर लिंबाएवढे गोटे.

"घ्या," ते म्हणाले. "पाच जागची घेतली, पोरीनं सांगतलं तशी. गोटे बी तसेच हायेत, काढले नाईत." आणि मागं न पाहता वळले.

काजलनं ती माती आधी बाटलीत घातली. पाणी जेमतेम पिवळं झालं. ती बाटली तिनं खिडकीत उकिरड्याच्या काळ्या बाटलीशेजारी ठेवली आणि मधल्या सुट्टीत दोन्हींसमोर बसून राहिली. सुट्टी संपताच येऊन म्हणाली, की उकिरडा इतका चांगला आहे तर नुसत्या उकिरड्यातच पेरलं तर काय होईल? मला उत्तर अंदाजानं माहीत होतं. मी म्हटलं, पेरून पाहा.

तिनं चहाचे कागदी कप मागून आणले. काहींत नुसतं बरड, काहींत नुसता उकिरडा, काहींत बरडात थोडा उकिरडा, काहींत जास्त. सगळ्यांत मेथीदाणे. कप खिडकीत, जिथं निशूचा हात पोचणार नाही. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी ती पाणी घालून जायची. मी वर्गात आले की कपांजवळची फरशी ओली दिसायची.

बरडात मेथी उगवली, पण सुतासारखी बारीक. नुसत्या उकिरड्यातली तर बहुतेक कुजली. वर आली तीही पिवळी पडून आडवी झाली. उभी राहिली, हिरवी झाली ती मिसळलेल्या कपांतली. आणि त्यातही थोडा उकिरडा घातलेली जास्त चांगली.

रेणुका मॅडम आल्या तेव्हा वर्गात गर्दी झाली होती. पोरांनी खरी माती आणली होती. भिंतीवर काळी, तांबडी, चुनखडीची, सगळ्या नमुन्यांचे रंग लावले होते. कोणाचंच वावर आता जिल्ह्यात एक नंबर नव्हतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आयाबाया दाराशी उभ्या होत्या. कडूबाही होते, खिडकीबाहेर, खांबाआड.

मॅडम उंचीनं लहान, पायात साध्या चपला. काजलच्या कपांसमोर त्या वाकून उभ्या राहिल्या. आधी विचारलं, हे कुजलं कसं. काजलनं सांगितलं की कच्चं शेण गरम असतं, ते मुळं जाळतं. आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, उन्हाळाभर मुरलं की मगच ते खत होतं. म्हणून ती आता मुरलेलं आणि कच्चं असं दोन्ही पेरून पाहणार होती. मॅडमनी मान हलवली. मग म्हणाल्या, "बरं, या सगळ्यांत चांगली माती कोणती?"

काजलनं उकिरड्याच्या कपाला हात लावला नाही. बरडाचा कप उचलला.

"हे. आमची," ती म्हणाली. "हिले फक्त खायले पाह्यजे अजून."

मी निशूला घट्ट धरलं. मॅडम कप हातात घेऊन खिडकीपाशी उजेडात गेल्या. तिथून त्यांनी बाहेर पाहिलं, खांबाआडच्या माणसाला विचारलं, हे वावर तुमचं का. कडूबांनी हो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, शिबिराला येताना पोरीसोबत आणखी माती पाठवा, पिशवीभर, गोट्यांसकट.

काजल निघाली त्या सकाळी जानेफळच्या थांब्यावर थंडी होती. हर्षल न्यायला आला होता. काजलच्या अंगावर आईचा स्वेटर, पाठीवर शाळेचं दप्तर. कडूबांच्या खांद्यावर नवी कोरी गोणी. ती त्यांनी एसटीच्या दारात ठेवली तशी धप्पकन वाजली. कंडक्टरनं गोणीला पायानं ढोसलं आणि विचारलं, काय भरलं यात.

"वावर हाये आमचं," कडूबा म्हणाले.

"मंग वावराचं तिकीट काढा."

कडूबांनी सगळ्या प्रवाशांकडे एकदा पाहिलं. गावातलेच बरेच होते.

"अर्धं फाडा," ते मोठ्यानं म्हणाले. "बरड हाये."

अख्खी गाडी हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं कडूबाच.