कोबुसचे सोळा महिने

योरितच्या शेडमध्ये साप आणून देणाऱ्याला आधी एक कागद भरावा लागे. पहिल्या ओळीत सापाचं नाव, दुसरीत वय आणि तिसरीत एक प्रश्न: याच्या पेटीतल्या दिव्याची ऊब कधीपासून बंद आहे? या तिसऱ्या ओळीवर अख्खा फ्रीसलँड प्रांत खोटं बोलतो, असं योरितचं ठाम मत होतं. लोक 'महिना झाला' म्हणाले की तो 'दोन महिने' लिहायचा. उन्हाळ्यात तो कालव्यावरचा पूल होड्यांसाठी उघडायचा आणि मिटायचा, हिवाळ्यात लोकांच्या हौसेतून उरलेले साप सांभाळायचा. दोन्ही कामांत माणसांच्या घाईचा आणि थापांचा त्याला पुरेपूर अनुभव आला होता.

पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी त्याच्यासमोर वीप्के बसली होती. वीप्केचं वय एकाहत्तर, नवरा डौवे वारलेला. गावाच्या स्केटिंग मंडळासाठी गोठलेल्या कालव्यावरच्या शर्यतींची वेळ तिने एकतीस हिवाळे मोजली होती. सख्खे भाऊ शेवटच्या रेषेवर एकमेकांचं नरडं धरायचे, पण 'वीप्के म्हणाली' एवढं कुणी म्हटलं की दोघेही मुकाट्याने बूट सोडायला बसायचे.

"दोन आठवडे झाले," वीप्के म्हणाली. "दिवा गेला. माझ्या लक्षातच आलं नाही."

योरितने 'दोन आठवडे' लिहिलं. दुप्पट केलं नाही. पेन कागदावर फिरताना वीप्के बघत होती. आता खरं सांगावं असं वाटलं, पण तिने सांगितलं नाही.

टेबलावर उशीचा एक अभ्रा होता आणि त्यात, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीला चिकटून, कोबुस होता. कोबुस म्हणजे डौवेचा बॉल पायथन, आफ्रिकेकडचा बुटका अजगर, वय सव्वीस. वीप्केने ओव्हनचे जाड हातमोजे घालून आणि अर्धे डोळे मिटून त्याला अभ्र्यात सरकवलं होतं. योरितने त्याला बाहेर काढलं, तसा तो हातावर सैल लोंबकळला. पाठीचा कणा कातडीखालून दिसत होता. जुनी कात जागोजागी सुकून चिकटलेली होती आणि श्वास घेताना तोंड उघडं पडत होतं.

"दोन आठवड्यांत एवढा वाळला?" योरित म्हणाला.

"आधीपासूनच नीट जेवत नव्हता," वीप्के म्हणाली, आणि निदान एवढं तरी खरं होतं.

मग तिने खाली सही केली. सही केली की सापावरचा हक्क संपला, हा योरितचा नियम होता. ज्याने हाल केले त्याने पुन्हा तोंड दाखवायचं नाही, आणि साप पुढे कुठे गेला हे विचारायचंही नाही. या बाबतीत योरित कुणाची भीडभाड ठेवत नसे.

दिवा गेलाच नव्हता. सोळा महिन्यांपूर्वी वीप्केने आपल्या हाताने त्याचा प्लग काढला होता आणि पुन्हा कधी लावला नव्हता. कोबुसला मारायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. पाणी ती रोज बदलायची. महिन्यातून एकदा चिमट्याने उंदीर आत टाकायची आणि दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा उचलून फेकायची, कारण अंगात ऊब नसेल तर साप खात नाही. मधल्या उन्हाळ्यात चार दिवस कडक उकडलं तेव्हा त्याने दोन उंदीर खाल्ले होते, तेवढेच. दर वेळी ती म्हणायची, उद्या प्लग लावू. मग एका सकाळी तिने त्याला तोंड वासून श्वास घेताना पाहिलं, आणि त्याच मिनिटाला तिने योरितला फोन केला.

योरितने सगळं मन लावून केलं. कोमट पाण्यात बसवून कात सोडवली, किडे काढले, औषध दिलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनीही कागद वाचला आणि दोन आठवडे गारठलेल्या सापाला जे करतात तेच सांगितलं: लगेच पूर्ण ऊब आणि आठवड्याने नेहमीचं जेवण. आठव्या दिवशी कोबुसने नेहमीएवढा उंदीर खरोखरच गिळला. योरितने तेवढ्यासाठी वीप्केला फोन केला, जे तो कधीच करत नसे. दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला.

"ओकला," योरित म्हणाला. "सगळंच बाहेर काढलं. नऊशे चाळीस ग्रॅम राहिलाय, वीप्केबाई. एवढा साप दीड किलोचा हवा."

"मग आता?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी एकदा ओकला तर संपलं. येत्या शनिवारी दहाला लहान उंदीर देऊन बघतो." मग तो म्हणाला, "असं व्हायला नको होतं. दोन आठवड्यांत पोट एवढं बंद पडत नाही. माझंच कुठेतरी चुकलंय आणि कुठे ते मला सापडत नाही. बावीस वर्षं झाली हे करायला लागून."

वीप्केने फोन ठेवला. ताकातली लापशी चुलीवर होती, ती करपली तरी तिला कळलं नाही. कोबुस मेला तर तो तिच्या हातून मेलेला असणार, आणि वर योरित ते आपल्या माथी घेऊन बसणार. सगळं गाव तिच्या शब्दावर विसंबत आलं होतं, आणि त्याच शब्दाने आता हे केलं. योरितने तिलाही बाकीच्यांसारखं खोटारडं धरलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शनिवारी ती सायकलवर निघाली तेव्हा समोरून असा वारा होता की बसलेल्या माणसालाही धाप लागावी. बांधावर दोनदा तिला उतरून चालावं लागलं. योरित म्हणजे घड्याळाचा माणूस, दहा म्हणजे दहा. ती शेडमध्ये शिरली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजायला चार मिनिटं होती आणि काचेच्या बरणीतल्या गरम पाण्यात गोठवलेल्या उंदराचा बर्फ सुटत होता.

"तो देऊ नकोस," ती दारातूनच म्हणाली. "तिसऱ्या ओळीत मी काय सांगितलं ते काढ."

योरितने कागद काढला. "दोन आठवडे."

"ते खोड. सोळा महिने लिही."

योरितने चष्मा कपाळावर चढवला. मग त्याचा आवाज मऊ झाला. "दिवा तेव्हाच गेला असेल आणि तुम्हाला कळलं नसेल. डौवे नुकताच गेलेला. होतं असं. मी तसंच लिहितो."

सुटकेची वाट आयती मिळाली होती. नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं, सापाचंही आणि तिचंही.

"तसं लिहू नकोस," वीप्के म्हणाली. "प्लग मी काढला. डौवेला पुरून आले त्याच संध्याकाळी. हॉस्पिटलात मी त्याच्या उशाशी चार दिवस बसले होते. शेवटचा शुद्धीवर आला तेव्हा त्याने विचारलं, कोबुस जेवला का. मी जेवले का, ते नाही विचारलं. त्याला माझी आठवणसुद्धा नव्हती. घरी आले तर सगळं घर गारठलेलं, आणि कोबुसच्या त्या एका खोलीत तेवढी ऊब. मला बघवलं नाही."

योरितने उंदराची बरणी उचलली आणि मोरीत ओतली. मग खोडलं, लिहिलं, आणि तिच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं: नुसतं मीठसाखरेचं पाणी, ऊब रोज थोडी थोडी वाढवायची, तीन आठवडे अन्नाचा कण नाही. त्यानंतर केस न फुटलेलं, अंगठ्याएवढं उंदराचं पिल्लू. आज उंदीर दिला असता तर उद्या खड्डाच खणावा लागला असता, हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वीप्केलाही ऐकू आलं.

"माझं चुकलं, योरित."

"घरी जा, वीप्केबाई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी आत्ता बोललो तर नको ते बोलून बसेन."

ती गेली. जाताना वारा पाठीवर होता, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

मार्च गेला. योरितचा फोन नाही. गावात कुणी काही बोललं नाही, म्हणजे त्यानेही कुणाला सांगितलेलं नव्हतं. ईस्टरला बहिणीकडे तिने मनुकांच्या पावाचा एक घास खाल्ला आणि बाकीचा काप ताटलीत तसाच ठेवला. एप्रिलमध्ये पहिल्या होड्या आल्या आणि पूल सुरू झाला. ती सायकलवरून पुलाशी थांबली की योरित केबिनमधून दोन बोटं वर करायचा, तशी तो गावातल्या कुत्र्यालाही करायचा. त्यावरून काही ओळखावं तरी काय? साप जगला की मेला, हे विचारायचा हक्क तिने सही करून सोडला होता, आणि सही नसती तरी तिचा धीर झाला नसता. घरात रोज दहा वाजले की तिचा जीव टांगणीला लागायचा, मग वार कुठलाही असो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला.

"शनिवारी दहाला या," योरित म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

शेडमध्ये कोबुसच्या पेटीपुढे दोन स्टुलं मांडलेली होती. कोबुसची नवी कात पडून गेली होती. तपकिरी अंगावरचे पिवळे ठिपके आता नीट दिसत होते आणि तोंड मिटलेलं होतं.

"एक हजार पंचवीस ग्रॅम," योरित म्हणाला. "सहा पिल्लं खाल्ली आणि सगळी टिकली. पिल्लं देताना तुम्हाला बोलावलं नाही, कारण माझाच भरवसा नव्हता. आज पहिला अख्खा उंदीर आहे. हा पचला की मी त्याला बरा म्हणणार. डोक्कुम गावची एक शिक्षिका त्याला न्यायला तयार आहे." त्याने घसा साफ केला. "पत्ता मात्र देणार नाही. नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे," वीप्के म्हणाली. "मग मला का बोलावलंस?"

"तुम्ही त्या दिवशी आला नसतात तर मी त्याला मारला असता. म्हणून."

त्याने चिमट्याने उंदीर पुढे धरला. कोबुस आधी नुसता बघत राहिला, जीभ बाहेर, जीभ आत. मग डोकं सावकाश पुढे आलं, आणखी पुढे आलं, आणि पुढचं इतक्या झटक्यात झालं की वीप्के दचकून मागे सरली. कोबुसने उंदराला दोन वेढे घातले आणि तो स्वस्थ पडून राहिला. मग वेढे सोडले, थोडं चाचपलं, आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून, कसलीही घाई न करता. वीप्के वाकून बघू लागली. तिला ते किळसवाणं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं वाटलं नाही.

"मी हे पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

"सव्वीस वर्षांत?"

"मी भांडी घासायला उठायचे." ती नजर न हलवता पुढे म्हणाली, "डौवे दर वेळी हाक मारायचा. 'वीप्के, ये लवकर, सुरू झालं.' माझ्यासाठी शेजारी खुर्चीही ओढून ठेवायचा. मी नळ मोठा सोडायचे, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणता यायचं. त्याला माझी आठवण नव्हती, असं मी तुला सांगितलं ना, योरित? तेही खरं नव्हतं."

योरितने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने चिमटा पुसून खिळ्याला टांगला आणि आपलं स्टूल थोडं सरकवून तिला नीट दिसेल अशी जागा केली.

"आता बोलू नका," तो हळूच म्हणाला. "शेपूट राहिलंय अजून."

वीप्केने बाहीने डोळे पुसले आणि ते शेपूट आत जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.