न दिलेल्या शिवल्या

दीपेश टेम्पो घेऊन नेरूळच्या खाडीवर आला तेव्हा त्याची सासू धोंडूबाई गुडघाभर चिखलात उभी होती. जावई शिवल्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, न्यायला आला होता. खायला नव्हे, खाडीत सोडायला. त्याच्या उरणकडच्या गावात भरावाची माती वाहून आली आणि शिवल्या गुदमरून मेल्या. पुढे माती धुऊन गेली, पण चिखल जवळजवळ रिकामाच राहिला. तेव्हा धोंडूबाईनेच लेकीला, रुतिकाला, फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडं बारक्या ढीगभर हायेत. घेऊन जा."

पण आज काही शिवल्या चिखलावर उघड्या पडल्या होत्या. हात लावला तरी मिटत नव्हत्या. तिने एक फोडली. आतलं मांस पाणचट, त्यावर रव्यासारखे पांढरे ठिपके. दुसरी फोडली, तीही तशीच.

"गाडी परत ने, दीपेश. आज देनार नाय."

"आई, तिकडं मानसं वाट बघतात! झालं काय?"

"ह्या आजारी दिसतात. गीतांजली मॅडमना दाखवते, मग बोलू."

गीतांजली नेरूळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि धोंडूबाईकडूनच म्हावरं घ्यायची. दीपेशला ते पटलं नाही. रिकामी घमेली टेम्पोत आदळून तो निघून गेला.

संध्याकाळी रुतिकाचा फोन आला. "आये, माजे सासरे म्हनतात, कबूल करून हात आखडला. मी काय तोंड दाखवू?"

"मी येते सांगायला," एवढंच धोंडूबाई म्हणाली. तिला जेवण गेलं नाही. नुसता उन्हाचा तडाखा असला तर? उगाच लेकीचं सासर दुखावलं.

आठवड्याने गीतांजली स्वतः गावठाणात आली. "परजीवी आहे, धोंडूबाई. डोळ्यांना दिसत नाही. माणसाला अपाय नाही, पण शिवलीला आतून पोखरतो. ती मेली की पाण्यात उतरतो आणि शेजारणीला धरतो. तुम्ही टेम्पो भरून दिला असता, तर तिकडेही पोचला असता."

खरं तर धोंडूबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला रडूच आलं. ह्याच चिखलाने तिची मुलं मोठी केली होती. गीतांजली तिच्याशेजारी ओट्यावर बसली. "सगळ्या मरत नाहीत. तगतात त्यांची पिल्लं चिवट निघू शकतात. मेलेल्या वेचून जमिनीत पुरू या. खाडीत परत टाकायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी धोंडूबाई लेकीच्या सासरी गेली. व्याही रोहिदास पडवीत जाळं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"व्याही, माजी खाडी आजारी हाय. ते दुखनं तुमच्या दारात कसं आनू?"

"त्याच दिवशी नीट सांगायचं ना, विहीनबाय."

"तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? नुसता संशय होता. पन संशय असताना कशी देऊ?"

रोहिदासांनी सुई खाली ठेवली. मग आत बघून म्हणाले, "रुतिका, आयेला पानी दे. चहा टाक."

त्यांच्या खाडीत उरलेल्या मोजक्या शिवल्या गीतांजलीने तपासल्या. त्या स्वच्छ निघाल्या. बाहेरून काही आणायचं नाही आणि उरलेल्यांना कोणी हात लावायचा नाही, असं गावाने ठरवलं. तिकडे नेरूळला मेलेल्या शिवल्या वेचायला दीपेश आपणहून आला. निघताना धोंडूबाईने त्याचे पाय नळाखाली घासून धुवायला लावले. "ह्यो चिखल घरी नेऊ नको," ती म्हणाली. तो पहिल्यांदाच हसला.

दिवाळीनंतर रुतिकाने आईला बोलावून घेतलं. ओहोटीला दोघी चिखलात उतरल्या. रुतिकाने ओंजळभर चिखल पाण्यात खळखळून धुतला. हातात नखाएवढ्या शिवल्या उरल्या, पाण्याबरोबर आपल्या आपण आलेल्या. धोंडूबाईने एकीला बोट लावलं. ती पटकन मिटली.

"आये, तुज्याकडं कशा हायेत?"

"थोड्याच ऱ्हायल्यात. पन परवा एक बघितली, चांगली भरलेली होती."

"खाल्लीस?"

"नाय गं. ठेवली तिथंच."