बोगद्याच्या तोंडावरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. बिस्किटाएवढा आकार, वरच्या कडेला एक भोक आणि अंगावर ठोकलेला एक आकडा. मित्रांनो, मला बघून कुणाला काही वाटणार नाही. पण एका माणसाचा जीव माझ्या भरवशावर होता, आणि तो गेला.

त्या काळी डोंगर पोखरून नदीचं पाणी शहरात न्यायचं काम चाललं होतं. बोगद्याच्या तोंडाशी एक लाकडी फळा होता. प्रत्येक मजुराचा एक खिळा आणि त्यावर त्याचा बिल्ला. आत जाताना बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आल्यावर परत टांगायचा. रिकामा खिळा दिसला की माणूस अजून आत आहे, हे मुकादमाला कळायचं. पद्धत चोख होती. पण माणसं शेवटी माणसंच.

माझा धनी चांगलाच उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. आत दिवसभर वाकून पहार चालवायचा. बाहेर आला की पाठ ताणून ‘हुश्श’ करायचा आणि मला सदऱ्याला पुसूनच टांगायचा. मला त्याचा फार लळा होता.

पाळी सुटली की फळ्यापाशी ही गर्दी! मग जो पुढे असेल तो मागच्या सोबत्याचाही बिल्ला टांगून टाकायचा. हे रोजचंच होतं, मुकादम कानाडोळा करायचा.

त्या दिवशी लंबू आणि त्याचा मेहुणा बरोबरच निघाले. बाहेरचा उजेड दिसू लागला आणि लंबू थबकला.

“अरे, डबा आतच राहिला.”

“राहू द्या भाऊजी, उद्या घ्या.”

“आणि तुझ्या बहिणीला तोंड कोण देणार? तू?” हसत हसत त्याने मला गळ्यातून काढलं आणि मेहुण्याच्या हातात ठेवलं. “हा टांग. मी आलोच.”

मेहुण्याने मला टांगलं आणि तो हौदावर हातपाय धुवायला गेला. तेवढ्यात आत छत कोसळलं.

“भाऊजी आत आहेत!” तो ऊर फुटेस्तोवर ओरडत आला. कामावरच्या मोठ्या साहेबांनी फळ्याकडे बोट दाखवलं. एकही खिळा रिकामा नव्हता.

“हा काय त्याचा बिल्ला. घरी गेला असेल, बघून ये.”

मेहुण्याने त्यांचे पाय धरले. “साहेब, तो मीच टांगलाय हो!”

“घाबरून काहीतरी बरळू नकोस.”

मुकादमाला सगळं ठाऊक होतं, पण कानाडोळा केल्याचं कबूल कोण करणार? लंबूला शोधायला माणसं घरी गेली, बाजारात गेली, गुत्त्यातही डोकावून आली. आणि मी खिळ्यावर चकाकत होतो. मला तोंड असतं तर!

दुसऱ्या दिवशी कुणीतरी ढिगाऱ्याला कान लावला. आतून ठोके ऐकू येत होते. मग एकच धावाधाव. पण खणावं तेवढं वरून ढासळत होतं. लंबूची बायको तिथेच बसून होती. “वाजतंय, ऐका ना,” ती प्रत्येकाला सांगायची. संध्याकाळी ठोके थांबले. ती मात्र म्हणतच राहिली, “वाजतंय, ऐका ना.”

साहेबांनी बाजूने वळण काढून बोगदा पुढे नेला. लंबू तिथेच राहिला. शहरात पाणी आलं, बँड वाजले, भाषणं झाली.

आता मी लंबूच्या बायकोच्या घरी एका खुंटीला आहे. ती नळाचं पाणी पीत नाही, लांबच्या विहिरीवर जाते. भाऊ अधूनमधून दारात येऊन उभा राहतो.

“ताई, मी थांबायला हवं होतं गं.”

ती त्याच्याशी एकदाच बोलली. “थांबला असतास तर तूही गेला असतास. पण बिल्ला का टांगलास रे?”



मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी मुकादम होईल, कुणी साहेब होईल. माणूस आत राहिलाय असं कुणी रडून सांगत असेल, तर आधी खणायला घ्या. फळा मागाहून बघा.