साडूंचा शिलालेख

ठसेबाईंचं खरं नाव संग्रहालयात कुणी घेत नसे. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून खाचाखाचांत बसवायचा, वरून शाई फिरवायची आणि वाळला की अलगद उचलायचा, हे काम त्यांच्याइतकं निगुतीने कुणालाच जमत नव्हतं, म्हणून त्या ठसेबाई. ते ठसे वाचून विद्वान होण्याचं काम मात्र घरातल्या पुरुषांकडे होतं. त्यांचा नवरा शिलालेखांचा तज्ज्ञ, आणि थोरल्या बहिणीचे यजमानही. या विषयात त्या दोघांच्या वर कुणी नव्हतं. खाली बरेच होते, पण त्यांना हे दोघे मोजत नसत.

अशा या दोन साडूंमध्ये वर्षानुवर्षं अबोला होता, आणि तोही अर्ध्या अक्षरावरून. संग्रहालयाच्या पहिल्याच दालनात एक फुटका शिलालेख होता. राणी, विधवा आणि मळा एवढं त्यात स्वच्छ वाचता येई. राणीने त्या मळ्याचं काय केलं हे सांगणाऱ्या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर नेमका दगड तुटला होता. ठसेबाईंच्या नवऱ्याने ते अक्षर ‘दा’ वाचलं. म्हणजे दान. राणी दानशूर ठरली. भावोजींनी ‘ह’ वाचलं. म्हणजे हरण. राणी लुटारू ठरली. भावोजींनी त्यावर एक पुस्तक लिहिलं, नवऱ्याने त्याहून जाड खंडन लिहिलं, आणि भाच्याच्या लग्नात दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवले. बिचाऱ्या राणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिचं नशीब.

मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा संग्रहालयात फोन आला. दारातली पायरी डगमगत होती म्हणून त्याने ती उलटी केली, तर खालच्या अंगाला अक्षरं. ठसेबाई कागद, ब्रश, शाई घेऊन पोचल्या. पायरी संग्रहालयात आणवली आणि तुटक्या दगडाला लावून पाहिली, तर कड कडेला अशी बसली, जशी रुसलेली माणसं सहसा बसत नाहीत.

अर्धं अक्षर पुरं झालं. ते ‘मा’ होतं.

राणीने मळा दिला नव्हता आणि लुटलाही नव्हता. तिने तो मागितला होता, तळं खोदायला. विधवेने नाही म्हटलं. तेव्हा राणीने तळ्याचा बांध मळ्याला वळसा घालून बांधायला लावला आणि तो असा वाकडा का, हे पुढच्यांना कळावं म्हणून दगडावर कोरून ठेवलं. ठसेबाई किती तरी वेळ खाली फरशीवर बसून होत्या. इतकी वर्षं घरात राणीबद्दल एवढं बोलणं झालं, पण त्या विधवेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

“कुठे सापडला म्हणालीस?”

“बेकरीच्या दारात.”

“बेकरीच्या!” दगडाने स्वतःहून तिथे नोकरी धरली असावी, अशा सुरात तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने तो पाहिला. “अक्षरं फारच ठसठशीत आहेत. बनावट आहे.”

“अरे, पालथा पडला होता. झिजणार कसा?”

“तू ठसे छान काढतेस,” नवरा मायेने म्हणाला. “वाचायचं आमच्यावर सोड.”

आणि त्याने फोन उचलून साडूला लावला. भावोजीही बनावटच म्हणाले. दोन थोर विद्वान आयुष्यात पहिल्यांदा एका मतावर आले. संयुक्त निबंध लिहायचं ठरलं, त्यासाठी बैठका होऊ लागल्या, बैठकांना चहा होऊ लागला, आणि चहाबरोबर एकमेकांच्या तब्येतीची चौकशीही.

ताईचा फोन आला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “अगं, काल दोघे एका सोफ्यावर बसले होते! हसत होते! तू आता गप्प राहा बाई.”

“ताई, पण दगड खरा आहे.”

“असेल की. त्याला काय घाई आहे? इतकी वर्षं पायाखाली पडलाच होता ना?”

ठसेबाईंना गप्प राहायचं होतं, अगदी मनापासून. पण सकाळी दालनात शिरलं की तो दगड समोर उभा असायचा. शेवटी त्यांनी स्वतःचं वाचन लिहून काढलं आणि नियतकालिकाकडे पाठवलं. संपादकांनी ते रिवाजाप्रमाणे नाव झाकून दोन तज्ज्ञांकडे पाठवलं. तज्ज्ञ दोनच होते. लेख साभार परत आला. सोबतच्या अभिप्रायावर सही नव्हती, पण ‘तथापि’ नंतर स्वल्पविराम देणारा माणूस ठसेबाईंच्या घरातच राहत होता.

त्या दिवशी भाजीत मीठ मात्र नवऱ्याच्या वाट्याचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही दगड त्यांनी एकत्र जोडून उभे करवले आणि खाली पाटी लावली: ‘राणीने मळा मागितला. विधवेने दिला नाही.’

साडूंनी संग्रहालयावर बहिष्कार घातला. अर्थात संयुक्त.

पण आठवडाभराने, दुपारची सामसूम असताना, नवरा दालनात आला. रीतसर तिकीट काढून. चष्मा कपाळावर चढवून त्याने सांध्यावरून बोट फिरवलं, खाली, वर, पुन्हा खाली. ठसेबाई खांबाआडून पाहत होत्या. मग तो न वळताच म्हणाला, “पाटी चुकली आहे.”

“काय चुकलंय?”

“‘दिला नाही’ नाही. शेवटी बघ, प्रत्यय उत्तमपुरुषी आहे, ‘मी’चा. ‘देणार नाही.’ तिचेच शब्द कोरलेत.”

ठसेबाई पुढे झाल्या, वाकल्या. बरोबर होतं त्याचं. ती बाई राणीच्या तोंडावर बोलली होती, आणि राणीने ते जसंच्या तसं दगडावर घातलं होतं. दोघं नवराबायको खांद्याला खांदा लावून ते दोन शब्द वाचत राहिले.

“म्हणजे खरा आहे?” ठसेबाईंनी हळूच विचारलं.

“खराच आहे ग.” त्याने चष्मा खाली ओढला. “आणि एक लक्षात आलं का तुझ्या? ‘मा’ला काना आहे. माझ्या ‘दा’लाही काना होता. म्हणजे काना मी बरोबर वाचला होता. त्याच्या ‘ह’ला कुठे होता?”

“नव्हता,” ठसेबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्याने लेख लिहायला घेतला. शेजारच्या खोलीत ठसेबाई नवी पाटी रंगवत असताना ताईचा फोन वाजला. ती रडकुंडीला आली होती. “अगं, तुझ्या नवऱ्याने फोन करून यांना कान्याचं ऐकवलं, आणि आता हेही पुन्हा लिहायला बसलेत!”